पुराण आणि केका : मराठी ख्रिस्ती प्रार्थनावाङ्मयाचें एक परीक्षण

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाविषयीं संशोधकांनीं आजवर जें लिहिलें आहे, त्यांतील बराच भाग भाषा, लिपि आणि छपाई या तीन प्रश्नांनीं व्यापलेला आहे. फादर टॉमस स्टीफन्स यांची भाषा मराठी म्हणावी कीं कोंकणी, त्यांनीं आपला ग्रंथ रोमन अक्षरांत लिहिला कीं बाळबोधींत, जुन्या छापील प्रती कोठें गेल्या, या वादांत पुष्कळ विद्वत्ता खर्चीं पडली आहे आणि ती व्यर्थ गेली असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु हे ग्रंथ ज्या एका कामासाठीं शेवटीं जन्मास आले, त्या कामाची परीक्षा मात्र क्वचितच झाली. तें काम म्हणजे माणसानें देवापुढें तोंड उघडणें. सश्रद्ध माणूस संकटांत सांपडला असतां देवाला कोणत्या नांवानें हांक मारतो, काय मागतो, रागावतो कीं नाहीं, आणि मागून झाल्यावर दिलेल्या वचनावर विसंबून स्वस्थ राहूं शकतो कीं नाहीं, हा प्रश्न केवळ धर्मोपदेशकांचा नव्हे. तो वाङ्मयाचा व इतिहासाचाहि आहे.

प्रस्तुत लेखांत एवढ्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठीं दोन शब्द कामास घेतले आहेत. एक पुराण आणि दुसरा केका. पुराण देवाविषयीं बोलतें. केका देवाशीं बोलते. पुराणास श्रोते लागतात, पीठ लागतें, आरंभीं नमन व शेवटीं फलश्रुति लागते. केकेस ऐकणारा एकच असतो आणि तो ऐकतो आहे एवढा भरंवसा पुरतो. मराठी ख्रिस्ती समाजाला पुराण इ. स. १६१६ सालींच मिळालें. त्याला केका मिळावयास मात्र जवळ जवळ तीनशें वर्षें लागलीं. असें कां झालें, आणि त्या केकेचें मोल काय, हें पुढें पाहूं.

२

'केका' हा शब्द कोठून घेतला हें वाचकांस सांगावयास नको. इंदापूर तालुक्यांतील निरवांगी हें नीरेच्या खोऱ्यांतलें गांव. त्या नीरेस वरच्या अंगाला कऱ्हा येऊन मिळते, आणि कऱ्हेच्या कांठीं बारामती आहे. याच बारामतीस नाइकांच्या आश्रयानें मोरोपंतांचें (१७२९–१७९४) बहुतेक आयुष्य गेलें. पंत हे नाइकांच्या पदरीं पुराणिक. महाभारत, रामायण, भागवत यांचें त्यांनीं आर्यांच्या राशींनीं मराठींत निरूपण केलें, आणि पांडित्याचा तो डोंगर पाहून पुढील पिढ्यांतील कित्येक टीकाकारांनीं त्यांस कवि म्हणावें कीं नाहीं याबद्दलहि शंका काढली. पण याच पुराणिकानें उतारवयांत पृथ्वी वृत्ताचे सुमारें सवाशें श्लोक रचिले आणि त्यांस 'केकावली' हें नांव दिलें. मोर म्हणजे मयूर, मयूर म्हणजे स्वतः पंत, आणि केका म्हणजे त्या मोराचा मेघाकडे पाहून केलेला टाहो.

केकावलींत पुराण नाहीं असें नव्हे. अजामिळ, गजेंद्र, द्रौपदी, प्रल्हाद हे सारे तेथें आहेत. फरक इतकाच कीं, ते आतां कथेंतील पात्रें म्हणून येत नाहींत. साक्षीदार म्हणून येतात. त्यांस तूं तारलेंस, मग माझ्याच वेळीं विलंब कां, असा पंतांचा देवाशीं रोखठोक वाद आहे. जन्मभर दुसऱ्यांस ज्या कथा सांगितल्या, त्याच कथा म्हातारपणीं पुराव्यादाखल देवापुढें मांडून हा पुराणिक आपलें मागणें मागतो. पुराणाचें केकेंत रूपांतर होतें तें असें. ज्ञान तेंच राहतें, तोंड मात्र श्रोत्यांकडून देवाकडे वळतें.

हें माप ख्रिस्ती वाङ्मयास लावणें अन्यायाचें होईल असा आक्षेप कोणी घेईल. परंतु तें परकें माप नव्हे. ख्रिस्ती शास्त्रांतहि ही दोन अंगें आहेतच. बायबलांतील इतिहासग्रंथ व शुभवर्तमानें हें एक अंग, आणि दीडशें स्तोत्रांचा संग्रह हें दुसरें. त्या स्तोत्रांचा कर्ता परंपरेनें दावीद राजा मानतात. त्यांतील कित्येक स्तोत्रें म्हणजे शुद्ध केका आहेत. त्यांत तक्रार आहे, रुदन आहे, देवानें तोंड फिरविल्याचा आरोप आहे, आणि तरीहि शेवटीं त्याच देवावर टेकलेला भार आहे. तेव्हां प्रश्न एवढाच उरतो कीं, मराठी ख्रिस्ती लेखकांनीं या दोन अंगांपैकीं कोणतें कधीं उचललें.

३

फादर स्टीफन्स हे जन्मानें इंग्रज व जेझुइट पंथाचे. १५७९ सालीं ते गोव्यास उतरले आणि १६१९ सालीं तेथेंच वारले. त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ त राचोल येथें प्रथम छापिलें गेलें. १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. या तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकाहि छापील प्रतीचा आज पत्ता नाहीं. ग्रंथ जगला तो हस्तलिखितांच्या आधारें. मंगळूरच्या बाजूस ख्रिस्ती कुटुंबांनीं जतन केलेल्या प्रतींवरून जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं त्याची रोमन लिपींत आवृत्ति काढिली. पहिल्या पुराणांत छत्तीस व दुसऱ्यांत एकोणसाठ अवस्वर, मिळून १०,९६२ ओव्या, असा तिचा विस्तार आहे. पुढें शांताराम बंडेलू यांनीं १९५६ त पुण्याहून तो ग्रंथ बाळबोध लिपींत आणला.

या ग्रंथाच्या आरंभींच एक प्रसंग आहे. त्याकडे भाषाशास्त्रज्ञांचें लक्ष गेलें, तितकें प्रार्थनेच्या अभ्यासकांचें गेलेलें नाहीं. साष्टींतील देवमंदिरांत एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीस विनंती करतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा कीं, तुम्ही शिकवितां तो धर्मोपदेश चांगला आहे; परंतु आमचीं पूर्वींचीं पुराणें तुम्हीं बंद केलींत, तेव्हां त्यांच्या जागीं मन रमेल असें दुसरें पुराण आम्हांस कां देत नाहीं ? ही मागणी नीट वाचावी. या मनुष्यास प्रार्थना येत नाहींत असें नव्हे. धर्मशिक्षणाच्या वर्गांत परलोकच्या पित्याची प्रार्थना, श्रद्धेचा कबुलीजबाब, दहा आज्ञा हें सारें तोंडपाठ करून घेतलें जाई, आणि स्टीफन्स यांनीं स्वतः रचिलेली धर्मप्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ त छापलीहि गेली. त्यास शब्द होते. त्या शब्दांमागें जें घर, जें ऐकलेलें व आठवलेलें लागतें, तें नव्हतें. प्रार्थना पाठ होती, पण ती कोणत्या देवाला करावयाची त्याची ओळख कथेंतून झालेली नव्हती.

ख्रिस्तपुराण हें या मागणीचें उत्तर आहे, आणि उत्तर म्हणून तें थोर आहे. ग्रंथारंभीं मराठी पुराणांच्या चालीनें देवपित्यास व त्रैक्यास नमन आहे, ग्रंथ सिद्धीस जावा म्हणून साह्याची याचना आहे. मधून मधून पात्रांच्या मुखीं आर्जवें, विलाप व स्तवनें आहेत. मरियेच्या शोकाचा भाग वाचून ज्याचे डोळे पाणावत नाहींत त्यानें ओवीवाङ्मयाच्या वाटेस जाऊंच नये. तथापि हें सारें कथेच्या आंत घडतें. मरिया रडते, शिष्य विनवितात, आदाम पस्तावतो. टॉमस स्टीफन्स मात्र पुराणिकाच्या आसनावरून उठत नाहींत. दहा हजार ओव्यांत आपल्याला देवाचें काय हवें आहे हें ते नमनापलीकडे सांगत नाहींत. पुराणिक या नात्यानें त्यांचें कर्तव्यच तें होतें, म्हणून हा दोष म्हणून मी नोंदवीत नाहीं. पण बारामतीच्या पुराणिकानें जें दुसरें पाऊल टाकलें, तें गोव्याच्या पुराणिकानें टाकलें नाहीं, एवढी नोंद अवश्य केली पाहिजे.

हें पाऊल त्यांच्यामागून कोणी टाकलें असतें कीं काय, हें पाहण्यास काळानें सवड ठेवली नाहीं. फादर एतिएन द ला क्रुआ यांचें पीटरपुराण १६२९ त आलें, तेंहि पुराणच. पुढें १६८४ सालीं पोर्तुगीज व्हाइसरॉयनें हुकूम काढून लोकांनीं तीन वर्षांत देशभाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असें फर्माविलें. ज्या भाषेंत पुराण मुरून केका उगवावयाची, त्या भाषेचेंच मूळ तोडण्याचा हा यत्न होता. गोव्यांतील मराठी ख्रिस्ती ग्रंथरचनेचा ओघ यापुढें आटत गेला.

येथें हस्तलिखितांच्या संग्राहकांस उपयोगी असा एक मुद्दा आहे. लंडन येथील मार्सडेन संग्रहांत ख्रिस्तपुराणाची बाळबोध लिपींतील प्रत असल्याचें अमेरिकन मिशनरी जस्टिन अ‍ॅबट यांनीं १९२३ सालीं प्रसिद्ध केलें. सालढाणांच्या छापील पाठांत जेथें लॅटिन-पोर्तुगीज पारिभाषिक शब्द आहेत, तेथें या प्रतींत बहुधा संस्कृत शब्द योजिलेले आढळतात. यावरून मूळ पाठ कोणता याचा वाद झाला, आणि संस्कृतप्रचुर पाठ तेवढा 'आपला' व म्हणून अधिक भावपूर्ण असा ग्रह कांहींनीं करून घेतला. तो ग्रह प्रार्थनेच्या दृष्टीनें तपासून पाहण्यासारखा आहे. जो शब्द आईच्या तोंडून, लेंकराच्या बारशापासून ते बापाच्या मातीपर्यंत कानीं पडला, तो मुळांत पोर्तुगीज असला तरी साष्टीच्या शेतकऱ्यास तो घरचाच. उलट कोशांतून आणलेला संस्कृत शब्द त्याला पाहुण्यासारखा वाटला असेल. शब्दाचें कुळ पाहून प्रार्थनेची आर्तता ठरत नाहीं. तो शब्द किती तोंडांतून, किती प्रसंगीं गेला आहे, यावर ती ठरते. हा मुद्दा पुढें रमाबाईंच्या संदर्भांत पुन्हां लागणार आहे.

४

एकोणिसाव्या शतकांत बायबलाचीं मराठी भाषांतरें झालीं, मुंबई व अहमदनगर येथें अमेरिकन मिशननें उपासनेसाठीं गीतें छापिलीं. त्यांतील पुष्कळशीं पाश्चात्य चालींवर बसविलेलीं भाषांतरें होतीं, आणि तीं म्हणतांना मराठी माणसाची जीभ अडखळे. या विषयांत त्यांजपाशीं फार थांबण्याचें कारण नाहीं.

नारायण वामन टिळक यांनीं १८९५ च्या फेब्रुवारींत मुंबईस बाप्तिस्मा घेतला. संस्कृताचे जाणते, कीर्तनाच्या वातावरणांत वाढलेले, कवि म्हणून नांवाजलेले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं आलों असें ते म्हणत, हें सर्वश्रुत आहे. त्यांचीं शेंकडों गीतें 'उपासना-संगीत' या पुस्तकांतून मराठी मंडळ्यांच्या नित्य गाण्यांत आहेत. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें त्यांचा खरा ग्रंथ 'अभंगांजलि' हाच. ख्रिस्ती मराठींतील पहिली केकावली म्हणून मी तिच्याकडे बोट दाखवितों.

अभंगांजलींत टिळक ख्रिस्ताला गुरु म्हणतात, माउली म्हणतात, सखा म्हणतात, आणि 'तूं' म्हणतात. वारकऱ्याला यांत नवल वाटणार नाहीं. पण मिशनच्या मंडळींत वाढलेल्या ख्रिस्ती श्रोत्यास तो धक्काच असला पाहिजे, कारण तोंवर मराठी उपासनेंतील देव बहुधा भाषांतरित राजासनावर बसलेला होता. टिळकांनीं त्याला खालीं ओसरीवर आणलें. हें करितांना त्यांनीं नवें असें कांहीं शोधून काढलें नाहीं. जुनें दार होतें, तें उघडलें. म्हणूनच त्यांच्यावर दोन बाजूंनीं आक्षेप आले. हें बाटग्याचें सोंग, तुकोबांच्या अंगरख्यांत घातलेला परका देव, असें एकीकडे. आणि हा ख्रिस्ती धर्माचा वैष्णव पाक, असें दुसरीकडे.

या दोन्ही आक्षेपांस एकच उत्तर आहे आणि तें रचनेंत सांपडतें. तुकोबांच्या अभंगांत भक्त धांवतो, देव विटेवर उभा राहतो. भक्त रागावतो, देव बोलत नाहीं. त्या मौनामुळें अभंगाला धार येते. टिळकांच्या अभंगांत देवच आधीं निघालेला आहे. तोच शोधावयास आला, त्यानेंच जखमा सोसल्या, भक्त उशिरा जागा झाला. येथें विनवणीपेक्षां ओशाळेपणा मोठा, आणि ओशाळेपणापेक्षां कृतज्ञता मोठी. हा भाव उसना नाहीं. तो ख्रिस्ती श्रद्धेचा गाभा आहे, आणि अभंगाच्या सांच्यांत तो न मोडतां बसला हें टिळकांचें यश.

त्यांतील उणेंहि सांगितलें पाहिजे. देवच आधीं आलेला असल्यामुळें टिळकांची केका कधीं कधीं उठण्यापूर्वींच शमते. पहिल्या चरणांत दुःख, दुसऱ्यांत आठवण, तिसऱ्यांत समाधान, असा उतार वारंवार लागतो. मोरोपंत सवाशें श्लोक देवाशीं तंटा करितात. टिळकांचा तंटा आठ ओळींत मिटतो. जेथें तो मिटत नाहीं, जेथें कवि एकटा पडला आहे व त्याला तें लपवितां येत नाहीं, तेथें अभंगांजलि मराठींतील कोणत्याहि प्रार्थनाकाव्याच्या पंक्तीस बसते. १९१७ सालीं टिळकांनीं मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारला, आणि दोनच वर्षांनीं, ९ मे १९१९ रोजीं, ते वारले. त्यांच्या अभंगांकडे पाहतांना या शेवटच्या वर्षांतील अधांतरी जिण्याची आठवण ठेवावी.

आणखी एक गोष्ट. टिळकांनीं ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' आरंभिलें होतें. त्याचे दहा-अकरा अध्याय झाले असतां ते गेले, आणि उरलेलें प्रचंड काम लक्ष्मीबाई टिळक यांनीं केलें. शाळेचें शिक्षण नांवापुरतेंहि नसलेल्या या बाईनें पुराण लिहून काढलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर १९३८ त प्रसिद्ध झालें. साष्टीच्या त्या नवख्रिस्ती माणसानें जें पाद्र्यापाशीं मागितलें होतें, तें तीनशें वर्षांनीं एका मराठी स्त्रीनें स्वतःच्या हातानें दिलें. पण मराठींत क्रम उलटा झाला. केका आधीं, पुराण मागून.

५

टिळकांच्या समकालीं, आणि निरवांगीच्या याच जिल्ह्यांत, दौंड तालुक्यांतील केडगांव येथें प्रार्थनेचा एक वेगळा प्रयोग चालला होता. त्याची कर्ती पंडिता रमाबाई (१८५८–१९२२). रमाबाई पुराणिकाची मुलगी. वडील अनंतशास्त्री डोंगरे तीर्थोतीर्थीं पुराण सांगून कुटुंब चालवीत, आणि मुलगीहि लहानपणापासून भागवत मुखोद्गत करून लोकांस सांगे. दक्षिणेकडील दुष्काळांत १८७४ च्या सुमारास आईबाप व बहीण दगावलीं. त्या आधीं उरलासुरला पैसा दानधर्म, उपास व अनुष्ठानें यांत गेला होता, आणि कोणत्याहि देवानें हांकेस ओ दिली नाहीं, हें त्यांनीं पुढें आपल्या आत्मनिवेदनांत लिहून ठेविलें आहे. मरणकाळीं वडिलांनीं आपणांस देवाच्या हातीं सोंपविलें, हेंहि त्यांनीं तेथेंच लिहिलें. म्हणजे ज्या पुराणांतून केका निघावी तें पुराण या मुलीस तोंडपाठ होतें, केकाहि निघाली होती, आणि ती फुकट गेली होती. मराठी प्रार्थनेच्या इतिहासांत याहून कठीण आरंभ मला आठवत नाहीं.

१८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पण आपणांस त्या वेळीं ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नव्हता, तो आठ वर्षांनीं मिळाला, अशी त्यांची स्वतःची कबुली आहे. ही कबुली टीकाकारास मोलाची आहे, कारण तींत सिद्धांत व भरंवसा यांतील भेद त्या स्वतःच करितात. पुण्यांतील शारदासदनांत त्या आपल्या खोलींत प्रार्थना करीत आणि दार उघडें ठेवीत. कांहीं मुली येऊन बसत. एवढ्यावरून शहरांत वादळ उठलें, आणि १८९३ त न्यायमूर्ति रानडे व डॉक्टर भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं संबंध सोडला. दार लावून घेतलें असतें तर सदनाचा आश्रय टिकता. बाईंनीं दार लावलें नाहीं. पालकांस दिलेल्या शब्दाच्या दृष्टीनें सल्लागारांची तक्रार अगदींच निराधार नव्हती, हें मान्य करूनहि असें म्हणावें लागतें कीं, प्रार्थनेची किंमत इतक्या उघडपणें मोजून दिल्याचें उदाहरण त्या काळच्या पुण्यांत विरळा.

१८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाईंनीं मध्यप्रांतांतून मुली आणल्या, आणि केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. पुढील दुष्काळांत संख्या हजारावर गेली. ठरीव उत्पन्न नसतां देवावर हवाला ठेवून एवढा संसार चालवावयाचा, असा त्यांचा नेम होता. इंग्लंडांतील जॉर्ज म्यूलर यांच्या अनाथगृहाचा वृत्तांत त्यांनीं वाचला होता, तो येथें कामास आला. १९०५ च्या जानेवारींत त्यांनीं रोज प्रार्थनेस येण्यासाठीं मुलींस आवाहन केलें. प्रथम सत्तर जणी आल्या. जून महिन्यापर्यंत ती संख्या पांचशेंवर गेली, आणि महिनाअखेरीस तो प्रसिद्ध प्रकार घडला. शेंकडों मुली एकाच वेळीं मोठ्यानें रडत, पापें कबूल करीत, प्रार्थना करूं लागल्या. कांहीं पाश्चात्य मिशनऱ्यांसहि तो गोंगाट रुचला नाहीं. रमाबाईंनीं त्यास आळा घातला नाहीं. एकाच वेळीं सर्वांनीं प्रार्थना केली तरी देवाच्या कानीं घोंटाळा होत नाहीं, अशी त्यांची समजूत होती.

आतां या प्रार्थनांचें परीक्षण करावयास बसावें तर हातीं काय येतें ? मिनी एब्रम्स यांची पुस्तिका, 'मुक्ति प्रेअर बेल' हें नियतकालिक, मिशनऱ्यांचे वृत्तांत, खुद्द बाईंचें १९०७ चें आत्मनिवेदन. हें मुख्य साहित्य सारें इंग्रजींत. मुलींनीं हांक मारली ती मराठींत, आणि दुष्काळानें जिकडून आणल्या तिकडच्या बोलींत. दुष्काळांत आईबाप गमावलेल्या मुलीनें देवाला काय म्हटलें, हें तिच्या शब्दांत आपणांस वाचावयास मिळत नाहीं. स्टीफन्स यांचें पुराण छापील प्रती नाहींशा होऊनहि हस्तलिखितांत उरलें. केडगांवची केका बहुतांशीं भाषांतरांतच उरली. संशोधनाच्या दृष्टीनें याहून मोठी हानि कोणती ?

रमाबाईंनीं स्वतः या प्रार्थनेसाठीं भाषा घडविण्याचें काम केलें, तें बायबलाच्या भाषांतरांत. प्रचलित मराठी बायबलांतील संस्कृतप्रचुर शब्द त्यांस दोन कारणांनीं नको होते. एक, ते अडाणी बायकांस कळत नाहींत. दुसरें, त्यांस पूर्वीच्या शास्त्रपुराणांचा वास येतो. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनीं पुन्हां पहिल्यापासून भाषांतर केलें. शेवटलीं मुद्रितें पुरीं होतात न होतात तोंच, ५ एप्रिल १९२२ रोजीं, त्या वारल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ त मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर आला. टिळकांनीं जें दार उघडलें, तेंच रमाबाईंनीं जाणूनबुजून बंद केलें, असें म्हणतां येईल.

म्हणून या दोघांपैकीं एकाचें खरें व दुसऱ्याचें खोटें ठरविण्याचा मोह टाळावा. टिळकांस तुकोबांचे शब्द आईच्या घरचे होते. रमाबाईंस संस्कृत शब्द त्या माळरानाची आठवण देत, जेथें हांका मारून कोणी आलें नाहीं. एकास जो शब्द दूध वाटला, दुसऱ्यास तोच राख वाटला. ख्रिस्तपुराणाच्या दोन पाठांविषयीं जें वर म्हटलें तेंच येथें लागूं पडतें. शब्द देशी कीं परका, जुना कीं नवा, ही कसोटी अपुरी आहे. मात्र एवढें म्हणणें भाग आहे कीं, आठवणींतून पुसून काढलेल्या शब्दांवर रचिलेली भाषा गाण्यास जड जाते. रमाबाईंचें बायबल अभ्यासकांनीं नांवाजलें. टिळकांचे अभंग मंडळ्यांनीं गाइले. दुसरीकडे, रमाबाईंच्या केकेंत जो अखेरपर्यंत न मिटणारा तगादा आहे, आज दुपारीं हजार ताटांत काय पडावयाचें असा जो रोकडा सवाल आहे, तो टिळकांच्या गोड अभंगांत क्वचितच ऐकूं येतो.

६

एकंदर निर्णय असा कीं, मराठी ख्रिस्ती प्रार्थना पुराणानें जन्मली नाहीं, पण पुराणावांचूनहि जन्मली नाहीं. स्टीफन्स यांनीं ओळख करून दिली. टिळकांनीं त्या ओळखीस घरचें नांव दिलें. रमाबाईंनीं नांवाचाहि आधार सोडून नुसत्या भरंवशावर उभें राहून पाहिलें. तिघांचे मार्ग भिन्न, पण मोरोपंतांच्या केकावलीपुढें ठेवून पाहतां एक गोष्ट चौघांनाहि लागूं दिसते. आर्तता ही अलंकारांत नसते व अलंकार टाकण्यांतहि नसते. मागणारा स्वतः किती उघडा पडला आहे, आणि उत्तर येण्यापूर्वीं किती विसंबला आहे, यांत ती असते.

शेवटीं संग्राहकांस एक विनंती. आपण ताम्रपट, बखरी, मोडी रुमाल यांचा जीवापाड सांभाळ करितों. ख्रिस्ती कुटुंबांतील हातानें लिहिलेल्या गीतांच्या वह्या, उपासनेच्या जुन्या पुस्तकांच्या कोऱ्या पानांवर लिहून ठेविलेलीं मागणीं, बायबलाच्या समासांतील तारखा, या वस्तु मात्र मिशनची छपाई म्हणून बाजूस सारल्या जातात आणि घर बदलतांना चुलींत जातात. अशी वही हातीं आल्यास तींतील छापील गीतांच्या नकला सोडून जें पाठांत बसत नाहीं, जें चुकीच्या शुद्धलेखनांत आहे, त्याची आधीं नक्कल करावी. गी पॉइटेव्हिन व हेमा राईरकर यांनीं गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत जात्यावरच्या लाखावर ओव्या बायकांच्या तोंडून टिपून घेतल्या. ओवी हें स्टीफन्सचें छंद, लक्ष्मीबाईंचें छंद, आणि पहांटेच्या अंधारांत जात्याशीं बसलेल्या बाईचेंहि छंद. नीरा व भीमा या दोन नद्यांच्या मध्यें वसलेल्या इंदापूर तालुक्यांत, निरवांगीपासून नीरा-नरसिंहपूरच्या संगमापर्यंत, ख्रिस्ती घरांतील म्हाताऱ्या बायांस कोणत्या ओव्या येतात हें गांवोगांव जाऊन विचारण्याजोगें आहे. जातीं थांबलीं त्यालाहि पुष्कळ वर्षें झालीं. ज्यांनीं तीं ओढलीं त्यांतील कांहीं जणी अद्याप आहेत, तोंवर हें काम करून घ्यावें.